नवी ऑर्डर, नवे मशीन आणि माझी एफडी

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचा भाड्याचा गाळा आहे, त्यात एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातूकामाचे मशीन). मिस्टर मशीन बघतात, हिशेब मी. महिन्याची विक्री ६ लाख, शिवाय जीएसटी. सीए म्हणतात गेल्या वर्षी ९ लाख नफा झाला, पण ५ लाखांची सीसी (बँकेचे कॅश क्रेडिट) कायम पूर्ण वापरलेली असते. घरखर्चाला, लेकीची फी धरून, सरासरी ४५ हजार लागतात. लागतील तसे त्याच खात्यातून काढतो. आता मोठ्या गिऱ्हाइकाने महिन्याला ३ लाखांचे जादा काम देऊ केले आहे. दुसरे मशीन २४ लाख अधिक जीएसटी. माझ्या माहेरच्या वाटणीची ९ लाखांची एफडी आहे. ती मोडून डाउन पेमेंट करावे का? मशीनवाल्याची सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे.

उत्तर:

ताई, एफडी मोडू नका. आणि मशीनही निदान सहा महिने घेऊ नका, मग ती सवलत जाते तर जाऊ दे.

नफा गेला कुठे, ते आधी बघू. तुम्ही सोबत पाठवलेल्या कागदांवर उत्तर आहे. मागच्या मार्चला गिऱ्हाइकांकडून येणे १४ लाख होते, या मार्चला २१ लाख. विक्री फारशी वाढलेली नाही. मोठ्या गिऱ्हाइकाने पेमेंट ६० दिवसांवरून ९० वर नेले, एवढेच घडले. नऊ लाखांतले घरी गेले ५ लाख ४० हजार, उरले ३ लाख ६० हजार, आणि त्या कंपनीकडे जादा अडकले ७ लाख. कमी पडलेले साडेतीन लाख सीसीने भरले. ती दीड लाखावरून पाचावर जाऊन टेकली. घसारा आणि शिल्लक मालाचा फरक मी सोडून दिला आहे, पण चित्र बदलत नाही. नफा झाला हे खरेच, फक्त तो सध्या त्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात आहे. त्यात जीएसटीची भर. बिल आज फाडले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरायचा, गिऱ्हाइकाचा पैसा त्यानंतर दोन महिन्यांनी. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट वजा जाता तुमच्या खिशातून दरमहा ५८ हजार असे आगाऊ जातात.

आता हीच उधारी नव्या कामावर लावून पाहा. बँक साधारण मशीनच्या मूळ किमतीवर कर्ज देते. २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, ६ लाख, आणि जीएसटीचे ४ लाख ३२ हजार तुमचे. १० लाख ३२ हजार पहिल्या दिवशी गेले, म्हणजे एफडी मशीन गाळ्यात उतरायच्या आतच संपली. उरलेल्या १८ लाखांचा हप्ता साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ३८,७०० च्या आसपास येतो. तुमच्याच आकड्यांनी या कामाला माल १ लाख ३५ हजारांचा, वर त्याचा जीएसटी. ऑपरेटर, टूलिंग, इन्सर्ट, वीज मिळून ७५ हजार. माल महिन्याच्या उधारीवर मिळतो असे धरू. पहिल्या महिन्यात ७५ हजार जातात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात प्रत्येकी २ लाख ७३ हजार. एकूण ८ लाख ९४ हजार बाहेर, तेव्हा चौथ्या महिन्याच्या शेवटी पहिला चेक. मशीनवरच्या जीएसटीचे क्रेडिट असल्याने तोवर सध्याच्या कामाच्या करापोटी जाणारे पावणेदोन लाख वाचतील. तरी सव्वासात लाखांचा खड्डा राहतो. तो आणि डाउन पेमेंट मिळून साडेसतरा लाख. तुमच्याकडे नऊ आहेत.

चेक सुरू झाल्यावर हप्ता जाऊन हातात राहणार ५१ हजार. त्या हिशेबाने नुसता सव्वासात लाखांचा खड्डा बुजायला चौदा महिने लागतात, डाउन पेमेंट वेगळेच. आणि हे सगळे काम ठरल्याप्रमाणे आले तर. तुमच्या हातात काय आहे, ओपन पीओ (खुली खरेदी-ऑर्डर) ना? ओपन पीओमध्ये दर ठरतो, नग ठरत नाहीत. नग ठरतात महिन्याच्या शेड्यूलवर, आणि गाड्यांचा खप मंदावला की शेड्यूल निम्म्यावर यायला एक ईमेल पुरते. हप्ता मात्र पूर्णच राहतो.

तुमचे व्हीएमसी एका पाळीत चालते, वर थोडा ओव्हरटाइम. दुसऱ्या पाळीला मिस्टर तयार नाहीत, कारण ऑपरेटर टिकत नाहीत, चाकणला पळतात. अडचण खरी आहे. पण दुसऱ्या पाळीला न मिळणारा ऑपरेटर दुसऱ्या मशीनला कुठून मिळणार? त्याला तीन-चार हजार जास्त दिले तरी ते ३८,७०० पेक्षा स्वस्तच पडतात. सहा महिने हे काम आहे त्याच मशीनवर दोन पाळ्यांत काढा. शेड्यूल खरोखर येते का, रिजेक्शन किती, पेमेंट कितव्या दिवशी, सगळे तेवढ्यात कळेल.

मशीन न घेताही पहिल्या चेकपर्यंत पावणेनऊ लाख लागतातच. क्रेडिट नसल्याने जीएसटीही रोख भरावा लागेल. हा पैसा बँकेकडून आणायचा, एफडीतून नाही. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या पद्धतीने छोट्या उद्योगाला अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळते भांडवल मिळायला हवे. तुमच्या आजच्याच ७२ लाखांवर ते १४ लाख ४० हजार होते, आणि तुम्ही ५ लाखांवर बसला आहात. मला वाटते, वाढवून मागितलेच नसेल. जीएसटीची रिटर्न्स, पीओ आणि पुढच्या वर्षाचा अंदाज घेऊन शाखेत जा आणि सीजीटीएमएसई (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट) हमीखाली, तारणाशिवाय मागा. तरीही मॅनेजर एफडीवर लिएन, म्हणजे बँकेचा बोजा, मागून बघेल. लगेच हो म्हणू नका. तुम्हाला जामीनदार म्हणूनही सही करायला सांगतील. धंदा मिस्टरांच्या नावावर आणि एफडी तुमच्या, हा आज मोठा आधार आहे; त्या सहीने तो बराचसा जातो, म्हणून वाचून सही करा.

एक बारीक गोष्ट. ९० दिवसांवर गेलेली बिले बँक सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (माल आणि येणे बघून लिमिटमधले किती वापरू देते त्या रकमेत) धरत नाही. तुमची बिले पास व्हायला महिनाअखेर लागतो, पैसे शंभराव्या दिवशी येतात. म्हणजे लिमिट वाढले तरी पूर्ण वापरता येईलच असे नाही. येणे लवकर वसूल होणे हाच खरा उपाय.

छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी आहे, चांगले. छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याने, पीओवर ९० छापले असले तरी, तुमच्यासारख्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशिराला व्याज लागते, आणि आयकरात २०२४-२५ च्या कर निर्धारण वर्षापासून आलेल्या नियमामुळे (तेव्हाचे ४३ बी (एच) कलम) वर्षअखेर थकलेली अशी रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण सत्तर टक्के विक्री ज्याच्याकडे, त्याच्यावर तक्रार कोणी करत नाही, आणि मीही तसा सल्ला देणार नाही. ट्रेड्सबद्दल, म्हणजे छोट्या उद्योगांची बिले वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाबद्दल, कंपनीला विचारा. कंपनीने बिल तिथे मान्य केले की वित्तसंस्था बोली लावतात, व्याजदर कंपनीची पत बघून ठरतो, तुमची नाही, आणि पैसे एक-दोन दिवसांत खात्यात येतात. पुढे कंपनीने पैसे थकवले तर ते तुमच्याकडून वसूल होत नाहीत. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी असली म्हणजे बिले मान्य करतातच असे नाही, म्हणून जादा काम स्वीकारतानाच ही अट घाला. आत्ता त्यांना तुमची गरज आहे, पुढच्या महिन्यात असेलच असे नाही.

घरचे सोपे आहे आणि तेच तुम्हाला जड जाईल. दर महिन्याच्या १० तारखेला ४५ हजार घरच्या वेगळ्या खात्यात टाकायचे, त्यानंतर धंद्याच्या खात्याला घरासाठी हात लावायचा नाही. प्रोप्रायटरला (एकट्या मालकाला) हिशेबात पगार नसतो, ते ड्रॉइंग्जच, म्हणजे मालकाने काढलेले पैसे; तरी तारीख पगारासारखी पाळा. फी जूनमध्ये लागते, तर त्यासाठी दरमहा बाजूला काढा. जूनमध्ये सीसीतून भरू नका.

हिशेबाच्या वहीत पुढचे तेरा आठवडे आखा. ५ तारीख गाळाभाडे, ७ पगार, २० जीएसटी, शिवाय महावितरणचे बिल, मालवाल्याचे देणे. येण्याच्या बाजूला बिलाची देय तारीख लिहू नका. कंपनी पेमेंट खरोखर कोणत्या तारखांना सोडते ती लिहा. ज्या आठवड्याला शिल्लक उणे दिसेल, त्याबद्दल आधीच फोन करता येतो.

एफडीतले पावणेतीन लाख, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, कोणत्याही परिस्थितीत धंद्यात आणू नका. सहा महिन्यांनी शेड्यूल टिकले आणि येणे ६० दिवसांवर आले, तर मशीन घ्या. तेव्हा उरलेल्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून फक्त मशीनचा जीएसटी भरा. दोन्ही कामांच्या करातून ते ४ लाख ३२ हजार पाचेक महिन्यांत वळते होतात आणि ओव्हरड्राफ्ट फिटतो. ६ लाखांचे मार्जिन मात्र धंद्याच्या कमाईतूनच यायला हवे. सवलत संपली असेल तर मशीनवाला तिमाही संपायच्या आत पुन्हा फोन करेल, त्याची काळजी करू नका.