शायेन सैनिकाची अर्धीच वाचलेली गोष्ट

प्रश्न : मी मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, हुपरीला राहतो. मुलगा १९ वर्षांचा आहे. दहावीला ६१ टक्के होते. बारावीत इंग्रजी आणि अर्थशास्त्र राहिलं, पुन्हा परीक्षेला बसलाच नाही. ज्युदोत राज्य स्पर्धेचं ब्राँझ आहे. संध्याकाळी मामाच्या चांदीच्या कारखान्यात पैंजणाच्या कामाला बसतो आणि हात चांगला आहे असं मामा म्हणतो. आता त्याला अग्निवीर व्हायचंय, पण बारावी द्यायची नाही. मोबाईलवर त्याने बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन आदिवासी नेत्याबद्दल वाचलंय. "तो शाळा सोडून फौजेत गेला, ऑलिंपिक खेळला, चांदीचे दागिने केले आणि सिनेटर झाला. मग माझंच काय चुकतंय?" असं विचारतो. ही गोष्ट खरी आहे का? पोराचं एका गोष्टीवर चित्त नाही, त्याचं काय करू?

उत्तर :

हवालदारसाहेब, नमस्कार.

गोष्ट खरी आहे. चिरंजिवांनी निवडलेला माणूसही मोठा आहे, त्यासाठी त्याचं आधी कौतुक करा. पण त्याने वाचलंय ते अर्धंच. उरलेलं मी इथे लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

बेन कॅम्पबेल यांचा जन्म १९३३ चा, कॅलिफोर्नियातल्या ऑबर्नचा. वडील नॉर्दर्न शायेन जमातीचे, आई पोर्तुगालहून आलेली. आईला क्षय होता, त्यामुळे ती वर्षानुवर्षं रुग्णालयात असायची. वडील दारूच्या आहारी गेलेले. बेन आणि त्यांच्या बहिणीला काही काळ अनाथाश्रमात काढावा लागला. शाळेत लक्ष लागेल असं घरच नव्हतं. फळांच्या हंगामात काम करताना जपानी कुटुंबातल्या मुलांशी ओळख झाली आणि त्यांच्याकडून ज्युदो समजला. १९५१ मध्ये १८ व्या वर्षी शाळा अर्धवट टाकून ते हवाई दलात भरती झाले आणि कोरियाच्या युद्धात मिलिटरी पोलीस म्हणून गेले. तुमच्या मुलाने वाचलेलं इथपर्यंत बरोबर आहे.

पुढचं त्याच्या नजरेतून सुटलं. शाळा पूर्ण केल्याच्या तोडीची परीक्षा त्यांनी हवाई दलात असतानाच दिली. वर्दी उतरवल्यावर सॅन होजे स्टेटमध्ये प्रवेश घेतला, ट्रक चालवून खर्च भागवला आणि १९५७ मध्ये शारीरिक शिक्षण व ललित कला या विषयांत पदवी घेतली. हे दोन विषय बघा. एक ज्युदोचा, दुसरा दागिन्यांचा. मुलाला जे दोन नाद आहेत, तेच दोन त्यांनी कॉलेजात रीतसर शिकून घेतले. तिथे ज्युदोला योशिहिरो उचिदा यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, जे पुढे अमेरिकेच्या पहिल्या ऑलिंपिक ज्युदो संघाचे प्रशिक्षक झाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९६० मध्ये २७ व्या वर्षी ते टोकियोला मेइजी विद्यापीठात गेले आणि जवळजवळ चार वर्षं तिथल्या ज्युदोगृहात राबले. पदवी घेतलेला माणूस तिथे पुन्हा विद्यार्थी झाला, तोही ज्यांचा हा खेळ आहे त्यांच्याच देशात. १९६३ मध्ये पॅन अमेरिकन स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, तेव्हा अमेरिकेच्या संघाचे कर्णधार तेच होते. तिथे गुडघ्याने दगा दिला आणि पदक हुकलं. मोबाईलवरच्या गोष्टीत हे सहसा एका ओळीत उरकतात, मला मात्र ते महत्त्वाचं वाटतं. ३१ व्या वर्षी, इतक्या वर्षांच्या तयारीनंतर, गुडघा गेला. तोवर पदवी हातात होती, दागिन्यांची कला हातात होती, म्हणून माणूस रस्त्यावर आला नाही. शाळेत शिकवलं, ज्युदो शिकवला, दागिने घडवले.

दागिन्यांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हुपरीच्या मुलाला ते आमच्यापेक्षा जास्त कळेल. चांदीकाम त्यांनी वडिलांकडे बघून शिकायला सुरुवात केली. जपानमध्ये तलवारी घडवणाऱ्या कारागिरांची रीत त्यांनी पाहिली. वेगवेगळ्या धातूंचे पत्रे एकावर एक ठेवून तापवून एकजीव करायचे, मग कापून, घासून आतल्या थरांची नक्षी वर काढायची. ती रीत त्यांनी आपल्या दागिन्यांत आणली. धातू बदलला की रंग बदलतो, आणि प्रत्येक धातूचा वितळण्याचा अंश वेगळा. भट्टीची आच जरा जास्त झाली की सगळा ऐवज वाया. चिरंजीव डाख देत असेल, म्हणजे सांधे जोडत असेल, तर त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. याच कामातून त्यांचं नाव झालं, बक्षिसं मिळाली आणि घर चाललं. निवडून येण्याआधी कित्येक वर्षं त्यांचा मुख्य धंदा हाच होता. पुढे कोलोरॅडोत इग्नासिओजवळ शेतावर राहून घोडेही पाळले.

राजकारणात ते १९८२ मध्ये आले. दागिने घेऊन विमानाने निघायचं होतं, हवामान बिघडलं म्हणून अडकले, आणि त्या मोकळ्या वेळात पक्षाच्या एका बैठकीत जाऊन बसले. तिथे उमेदवार शोधणं चाललं होतं. कोलोरॅडोच्या विधानसभेत निवडून आले तेव्हा वय ४९. १९८६ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, १९९२ मध्ये सिनेटमध्ये. म्हणजे शाळा सोडल्यापासून सिनेटपर्यंत ४१ वर्षं गेली. चिरंजिवांच्या वाक्यात "आणि सिनेटर झाला" एवढ्याच शब्दांत हे सगळं बसलंय. मधल्या प्रत्येक टप्प्यावर हा माणूस कोणाच्या ना कोणाच्या हाताखाली शिकत होता, हे त्याला दाखवा.

आता तुमच्यासाठी. तुम्ही वर्दी घातलेली आहे, म्हणून हा भाग तुम्हाला लागू आहे.

कॅम्पबेल यांच्या वडिलांनी आपली शायेन ओळख लपवून ठेवली होती. त्या काळात ती सांगणं म्हणजे अपमान ओढवून घेणं होतं. बेन यांनी मोठेपणी मोंटानातल्या आपल्या माणसांचा शोध घेतला, आणि १९८० मध्ये नॉर्दर्न शायेन जमातीत त्यांची रीतसर नोंद झाली. पुढे त्यांना चव्वेचाळीस प्रमुखांच्या सभेत घेतलं गेलं. ही सभा शायेनांची फार जुनी संस्था आहे. लढणाऱ्यांचे संघ वेगळे आणि ही सभा वेगळी. प्रमुखाने शांतता राखायची, भांडणात ओढलं गेलं तरी तोल सोडायचा नाही, आणि दारी आलेल्याला रित्या हाताने पाठवायचं नाही. त्यासाठी अर्ज नसतो, परीक्षा नसते. लोक माणसाला वर्षानुवर्षं पारखतात आणि मग बोलावतात.

लिटल बिगहॉर्नची लढाई तुम्ही ऐकली असेल. जून १८७६ मध्ये लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकन सैन्यातल्या लेफ्टनंट कर्नल कस्टरच्या तुकडीचा तिथे पाडाव केला. तरी त्या जागेच्या राष्ट्रीय स्मारकाला नाव होतं हरलेल्या कस्टरचं. जिंकणाऱ्यांच्या मेलेल्या माणसांसाठी तिथे स्मारकच नव्हतं. १९९१ चा कायदा झाला तेव्हा ते नाव बदलून लिटल बिगहॉर्न झालं आणि आदिवासी योद्ध्यांच्या स्मारकाची तरतूद झाली. तो कायदा पुढे नेणाऱ्यांत कॅम्पबेल होते. त्याहून मोठं काम सँड क्रीकचं. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोत कर्नल चिव्हिंग्टनच्या सैनिकांनी शायेन आणि अरापाहोंच्या छावणीवर हल्ला केला. सुमारे २३० जण मारले गेले, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. ती जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ व्हावी यासाठीचा कायदा २००० मध्ये झाला, तोही कॅम्पबेल यांनीच सिनेटमध्ये मांडलेला. ज्या देशाच्या सैन्याने आपल्या पूर्वजांना मारलं, त्याच देशाची वर्दी घालून हा माणूस कोरियात गेला आणि नंतर त्याच देशाच्या संसदेत बसून त्या हत्याकांडाची नोंद कायद्याने करून घेतली. मला त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वांत थोर वाटतं, ऑलिंपिकपेक्षाही.

शायेनांत असा आणखी एक माणूस होऊन गेला, ओक्लाहोमाचे लॉरेन्स हार्ट. मरीन कोअरमध्ये ते जेट लढाऊ विमानाचे वैमानिक होते. १९५८ मध्ये आजोबा वारले आणि त्यांच्या जागी शांतिप्रमुख होण्याची हाक आली. त्यांनी लढाऊ विमान सोडलं, पुढे कॉलेज पूर्ण केलं, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे पाद्री झाले आणि शायेन भाषा-संस्कृतीसाठी क्लिंटन गावी केंद्र उभारलं. सैन्यातून आलेल्या माणसाला दुसरं आयुष्य असतं, हे तुम्हाला माहीत आहे. अग्निवीराला ते २२-२३ व्या वर्षीच सुरू करावं लागतं, म्हणून आतापासून बोलायला हवं.

तुमच्या वेळची भरती आणि आजची भरती वेगळी आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम केलं जातं. बाकीचे साधारण ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी येतात, पेन्शन नाही. जनरल ड्युटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के लागतात, ते त्याच्याकडे आहेत. वयालाही मर्यादा आहे, म्हणजे वेळ आहे पण फार नाही. जाऊ द्या त्याला. सैन्य त्याच्या घरात आहे, अंग खेळाडूचं आहे, मन आहे. अडवून काही साधणार नाही.

पण बारावीचं भिजत घोंगडं ठेवू नका. दोनच विषय राहिलेत. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा आहे. ती नको असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिथे जास्तीत जास्त दोन उत्तीर्ण विषयांचे गुण पुढे नेता येतात. भरती आधी झाली, तरी दहावी पास अग्निवीरांना सेवेत असताना एनआयओएसमधून बारावी पूर्ण करायची सोय आहे. पुढे इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, खास पदवीत चार वर्षांच्या लष्करी प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक मिळतात. कॅम्पबेल यांनी हवाई दलात केलं तेच हे. "मी बारावी देणार नाही" आणि "मी कॅम्पबेलसारखा होणार" ही दोन वाक्यं एकत्र बसत नाहीत, एवढं त्याला शांतपणे सांगा. ओरडू नका.

ज्युदोचं प्रमाणपत्र जपून ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचं ब्राँझ कोणत्या गटाच्या पदाला चालेल, आणि त्याची पडताळणी कशी होते, हे कोल्हापूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पुढे प्रशिक्षक व्हायचं झालं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे, त्यासाठी साधारणपणे पदवी लागते. पुन्हा तीच बारावी आड येते.

एका गोष्टीवर चित्त नाही, ही तुमची तक्रार मला पटत नाही. ज्युदो, चांदी आणि फौज या तिन्ही गोष्टींत तो हाताने काम करतो, अंगमेहनत घेतो आणि मार खातो. हे चंचल मुलाचं लक्षण नाही. त्याला कमी पडतंय ते वरचं शिक्षण देणारं माणूस. मामाला सांगा, नुसत्या कड्या जोडायला बसवू नका. लगड आटवण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं काम त्याच्या हातून काढून घ्या.

आता कामाचं. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमचं डिस्चार्ज बुक घेऊन जा आणि माजी सैनिकाच्या मुलाला भरतीत कोणती सवलत आहे, तिचा दाखला कसा मिळतो, ते लेखी विचारा. पुरवणी परीक्षेचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयातून भरायचा असतो आणि मुदत थोडी असते, त्यामुळे याच आठवड्यात त्याला घेऊन कॉलेजात जाऊन या.