कुणाच्या वाट्याला काय

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गुरुत्वीय लहरी शोधायला म्हणून गटात आलीस आणि हातात आलं ते पल्सारच्या, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या स्पंदांना होणारा उशीर मोजण्याचं काम, म्हणून तू हिरमुसली आहेस. पण हे काम आपल्याकडेच का आलं, ते आधी बघ.

पल्सारचा स्पंद आपल्यापर्यंत येताना ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून वाट काढत येतो. रेडिओ लहरीची कंप्रता जितकी कमी, तितका उशीर जास्त. त्यामुळे तो कमी कंप्रतेवरच बारकाईने मोजता येतो, आणि नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण जीएमआरटी, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, नेमकी तिथेच तरबेज आहे. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशकाळातले तरंग; त्यांच्यामुळे स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात, तीच त्यांची खूण. इलेक्ट्रॉनांमुळे होणारा उशीर नीट वजा झाला नाही, तर त्याचे संथ चढउतार या खुणेत मिसळून जातात. युरोपातल्या एफेल्सबर्ग, लवेल, नान्से अशा दुर्बिणींकडे जवळपास २५ वर्षांच्या नोंदी होत्या. आपल्याकडे जेमतेम साडेतीन वर्षांच्या, दहा पल्सारांच्या. तरी जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या युरोप आणि भारताच्या संयुक्त निष्कर्षात त्या होत्या. तू ज्याला हमाली म्हणतेस, त्याच कामाच्या जोरावर.

तेव्हा तुकडे मागू नकोस. एक पल्सार पूर्ण माग. निरीक्षणापासून स्पंदांच्या आगमनवेळांपर्यंत सगळं तुझ्याकडे असू दे. एखाद्या दिवसाचा डेटा गाळलास, तर का गाळलास ते त्याच दिवशी लिहून ठेव. दोन वर्षांनी जर्मनीतल्या बॉनहून, एफेल्सबर्गच्या गटातलं कुणीतरी नेमकं तेच विचारेल.

तुझंच विश्लेषण दुसऱ्या कुणाला वेगळ्या सॉफ्टवेअरने करायला दिलं, तर तो अविश्वास समजू नकोस. अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांनीही त्याच सुमारास आपापले निष्कर्ष स्वतंत्रपणे मांडले, म्हणून तर त्या खुणेला वजन आलं.

श्रेयाचं मात्र आधीच बोलून घे. संयुक्त शोधनिबंधात नावं वर्णानुक्रमे लागतात; कुणी काय केलं, ते यादीवरून कळत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत ते तुलाच सांगावं लागेल. आणि ऑनलाइन बैठक दर वेळी तुमच्याच मध्यरात्री होत असेल, तर वेळ आळीपाळीने बदला असं स्पष्ट सांग. त्यात उद्धटपणा नाही. नवीन आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांच्याच वाट्याला कायम रात्र येते.

पुढच्या पत्रात तू कोणता पल्सार मागितलास, ते कळव.