फिरतीची नोकरी आणि अभियंता

प्रश्न : मुलगा यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असून त्याला फिरतीचीच नोकरी हवी आहे. काय सुचवाल?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या कमिशनिंग विभागाचा विचार चिरंजीवांनी आधी करावा, कारण ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र बसवून, चाचण्या घेऊन आणि तिथल्या कामगारांना ते शिकवून झाल्यावरच या अभियंत्याला परतता येते. तुमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांमध्ये, अशा कामासाठी बाहेरगावाहून आलेले अभियंते भेटतात. त्यांच्याशी एकदा अवश्य बोलावे. साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीत ही धावपळ गळीत हंगामाच्या तोंडावर वाढते. गाव पाहायची हौस मात्र फारशी भागत नाही, कारण यंत्र बंद पडलेला ग्राहक जेवायलाही उसंत देत नाही! मुलाखतीतच महिन्याचे फिरतीचे दिवस आणि दैनिक भत्ता स्पष्ट विचारून घ्यावा, तसेच पासपोर्ट आताच काढून ठेवावा.