दुखते म्हणून बसून राहावे का? : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारलेली आहे : दुखणारा सांधा हलवावा की जपावा? सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर तिला नाही, म्हणून प्रश्नवार उत्तरे देत आहे. रुग्णाला न तपासता दिलेले उत्तर अपुरेच असते, हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

प्रश्न : उठता-बसता गुडघ्यांतून कटकट आवाज येतो. दुखत नाही. गुडघ्यातले वंगण संपले असेल का? (वय ५८, राजारामपुरी)

वेदना, सूज किंवा गुडघा अडकणे यांपैकी काहीही नसेल तर नुसत्या आवाजासाठी काहीही करण्याची गरज नाही.

प्रश्न : एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची झीज दिसली. रोज रंकाळ्यावर चालायला जात होतो, पण चालल्याने गुडघे आणखी झिजतात असे सोबतचे मंडळी सांगू लागल्यामुळे ते बंद केले. पट्टा लावून घरीच बसावे का? (वय ६४, शिवाजी पेठ)

चालणे बंद करू नये. सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडणे आणि सुटणे यांमुळेच तिला सांध्यातील द्रवातून पोषण मिळते. शिवाय एक्स-रेमधील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण सारखे असतेच असे नाही. चालणे थांबले की मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो आणि तो पेलत असलेला भार सांध्यावर येतो. अंतर कमी करून पुन्हा सुरुवात करावी. चालताना थोडे दुखले तरी चालेल, मात्र ते दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकता कामा नये. जोडीला हातांचा आधार न घेता खुर्चीतून सावकाश उठण्या-बसण्याचा व्यायाम करावा. वजन जास्त असल्यास ते घटवावे; शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पट्टा बाहेर जाताना लावण्यास हरकत नाही, पण तो स्नायूंचे काम करत नाही. गुडघा लाल होऊन सुजला तर मात्र आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : शेक द्यावा की बर्फ लावावा?

ताजी दुखापत व सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, जुनाट आखडलेपणा असेल तर शेक. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर यांपैकी काहीही विचारल्याशिवाय करू नये, कारण कातडी भाजलेली कळतही नाही.

प्रश्न : आमच्या भागात एक मोफत थेरपी केंद्र निघाले आहे. गरम होणाऱ्या गादीवर झोपवतात, बरे वाटते. आता ते यंत्र घरी विकत घ्या म्हणतात. घ्यावे का?

घेऊ नये. उबेने काही तास बरे वाटते. ते गरम पाण्याच्या पिशवीनेही वाटते. रोज आपुलकीने 'काका, या' म्हणून बोलावणे, शेजारी बसलेल्या माणसाकडून त्याची संधिवाताची गोळी सुटल्याचे वदवून घेणे आणि महिन्याभराने हप्त्यांचा कागद पुढे करणे, ही विक्रीची रीत आहे, उपचाराची नव्हे. मधुमेहापासून मणक्यापर्यंत सर्व दुखण्यांवर एकच यंत्र चालते असे जिथे सांगितले जाते, तिथून उठून यावे. केंद्राच्या सांगण्यावरून कोणतीही गोळी बंद केली असल्यास आजच आपल्या डॉक्टरांना कळवावे.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. न्हाणीत पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. महिना झाला. उठवले की ती कळवळते, म्हणून सोप्यात कॉट टाकून सगळे जागेवरच करतो. हाड पूर्ण जुळल्यावर व्यायाम सुरू करावा असे नातेवाईक म्हणतात. किती दिवस थांबावे? (करवीर तालुका)

एक दिवसही थांबू नये. हे पत्र मी दोनदा वाचले, कारण याच मजकुराची पत्रे नेहमी येतात आणि ती लिहिणारी माणसे हेळसांड करणारी नसतात, उलट जिवापाड सेवा करणारी असतात. या सेवेमुळेच म्हातारी माणसे कायमची अंथरुणाला खिळतात. खुब्याच्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया केली जाते तीच मुळी रुग्णाला लवकर उभे करता यावे म्हणून. प्रकृती ठीक असेल तर दुसऱ्याच दिवशी त्याला उभे करावे, असा आज सर्वमान्य संकेत आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू घटला होता. आपल्या आई निरोगी नव्हेत, आणि त्यांना महिना झाला आहे. याशिवाय माकडहाडावर जखमा होणे, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे, छातीत कफ साठून न्यूमोनिया होणे, हे धोके अंथरुणातच वाढतात. हाड जुळण्याची वाट पाहावी हे नातेवाइकांना कोणी सांगितले? ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांनी सांगितले असेल तर ते कारणासह लिहून घ्यावे. काही मोजक्या अस्थिभंगांत पायावर भार देणे खरोखरच लांबवावे लागते, पण तेव्हाही कुशीवर वळणे, कॉटच्या कडेला बसणे आणि घोटे हलवणे थांबत नाही.

उद्याच त्या डॉक्टरांना भेटून दोन गोष्टी विचाराव्यात : पायावर किती भार चालेल, आणि उठवण्यापूर्वी वेदनाशामक गोळी किती वेळ आधी द्यावी. त्यानंतर फिजिओथेरपिस्टना घरी बोलावून वॉकरने उभे राहणे त्यांच्या देखरेखीखाली सुरू करावे. कळवळणे महिन्याभरानंतरही कमी होत नसेल तर पुन्हा एक्स-रे काढावा लागेल, तोही निर्णय डॉक्टरांचाच. पोटरी एकाएकी सुजली किंवा धाप लागली तर व्यायाम न करता थेट रुग्णालय गाठावे. दरम्यान न्हाणीत भिंतीला पकडदांडी बसवून घ्यावी आणि शेवाळलेली फरशी घासून घ्यावी. घरातील इतर ज्येष्ठांसाठीही सांगतो : पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० पासूनची शिफारस आहे. नुसते देवळापर्यंत चालून येणे त्यात मोजता येत नाही.

प्रश्न : उसाच्या मोळ्या उचलताना उसण भरली, आता कळ पायात उतरते. पायाळू माणसाकडून लाथ मारून घेतली की जाते म्हणतात. (वय ४६)

कमरेची साधी उसण काही दिवसांत आपोआपच ओसरते आणि श्रेय पायाळूला मिळते. पायात कळ उतरत असताना लाथ, झटका किंवा पाठीवर कोणाला उभे करणे हे प्रकार करू नयेत. अशी बहुतेक दुखणी हालचाल चालू ठेवून दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेविना बरी होतात, पण कोणता व्यायाम हे तपासूनच ठरते. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले तर त्याच रात्री रुग्णालयात जावे.

प्रश्न : मधुमेह आहे. खांदा आखडला, वेणी घालता येत नाही. हाडवैद्य ओढून मोकळा करतो म्हणतात.

ओढून घेऊ नये. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो आणि तो पूर्ण सुटण्यास एक ते तीन वर्षेही लागू शकतात. साखर आटोक्यात ठेवावी, खांदा तपासून घ्यावा आणि वेदनेच्या टप्प्यानुसार व्यायाम शिकून घ्यावेत.

प्रश्न : एक गुडघा दुखतो. जोतिबाच्या पायऱ्या चढाव्यात का?

चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा आधी, आणि आधार सोडू नये. उतरताना गुडघ्यावर अधिक भार येत असल्याने खाली यायला गाडी घेतलेली बरी. चैत्र यात्रेच्या गर्दीत मात्र पायऱ्यांचा प्रयोग नको, आणि हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.