शोधनिबंधाचे लेखक चार असतील, तर ६० सायटेशन प्रत्येकाच्या नावावर पूर्ण धरावीत का?

तुम्ही विचारले आहे की निबंधाला ६० सायटेशन आहेत (म्हणजे इतर संशोधकांच्या निबंधांत त्याचा ६० वेळा संदर्भ दिला गेला आहे), लेखक चौघे आहेत, तर पदोन्नतीच्या अर्जात आपल्या नावापुढे ६० लिहावीत की १५. मी एका अनुदानित महाविद्यालयात बावीस वर्षे गणित शिकवते आणि सहलेखकांच्या याच हिशोबापायी माझी पदोन्नती चौदा महिने लांबली, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसणे मला जमले नाही. माझे मत आधीच सांगते. चौघांनीही ६० लिहिली, तर चार अर्ज मिळून त्या एका निबंधाची २४० सायटेशन होतात, आणि जी गोष्ट ६० वेळा घडली ती २४० वेळा घडली असे कागदावर येते. हा हिशोब खोटा आहे. भागाकार केलाच पाहिजे.

आमचा निबंध तिघांचा होता. आडनावांची इंग्रजी आद्याक्षरे बी, के आणि डब्ल्यू, त्यातली डब्ल्यू मी. मुख्य प्रमेयाकडे जाण्याची पहिली वाट बी सरांनी सुचवली होती, परंतु ती एका असमानतेपाशी अडली, आणि जिथे ती असमानता लागू होत नव्हती तिथे चालणारे तिचे दुसरे रूप मी मे महिन्याच्या सुट्टीत शोधून काढले. ती पंधरा पाने, पेन्सिलीने खोडलेल्या ओळींसकट, अजून माझ्या वहीत आहेत. निबंध पाठवायच्या आठवड्यात माझे वडील रुग्णालयात होते, म्हणून बी सरांनी आपल्या खात्यातून तो जर्नलच्या संकेतस्थळावर चढवला आणि साहजिकच करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक, म्हणून त्यांचे नाव लागले. नावे वर्णानुक्रमाने लागली, कारण गणितात ती तशीच लागतात. आम्हा तिघांपैकी कोणालाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संयुक्त निबंधाच्या गुणांची वाटणी अशी आहे: लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, दोनांहून अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के आणि उरलेल्या प्रत्येकाला ३० टक्के. माझ्या मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी फाइलमधला निबंध उघडला, पेनाच्या टोपणाने नावे मोजली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव तिसरं आहे." मी म्हटले, "सर, आमच्या विषयात नावं वर्णानुक्रमानं लावतात." अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे २००४ चे निवेदन मी छापून नेले होते. गणितातल्या संयुक्त संशोधनात कल्पना कोणाची आणि कौशल्य कोणाचे हे वेगळे काढता येत नाही, म्हणून नावे परंपरेने वर्णानुक्रमाने दिली जातात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यांनी तो कागद वाचला, नीट घडी करून मला परत दिला आणि तक्त्यात ३० टक्के लिहिले. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्या विषयात पहिले नाव म्हणजे काम करणारा आणि शेवटचे नाव म्हणजे प्रयोगशाळेचा प्रमुख, आणि मधल्या नावांची विचारपूस कोणी करत नाही.

ही वाटणी निबंधाच्या गुणांची आहे, सायटेशनची नाही, हे मला कळते. पण दुखणे एकच आहे. हिशोबाला सोपे जावे म्हणून निबंधाचे गुण १० धरा. एकट्याने लिहिला तर १०, दोघांनी लिहिला तर सात आणि सात मिळून १४, तिघांनी लिहिला तर १३, आणि दहा जणांनी लिहिला तर सात अधिक नऊ वेळा तीन, म्हणजे ३४. दोनाचे तीन लेखक होताना दुसऱ्याचे नुकसान होते, पण त्यापुढे यादीत कितीही नावे घातली तरी आधीच्या कोणाचेही काही कमी होत नाही. सायटेशन पूर्ण मोजण्याच्या पद्धतीत तर तेवढाही अडसर नाही. विभागप्रमुखांचे, उपकरण वापरू देणाऱ्यांचे, गाइडच्या गाइडचे नाव निबंधात का येते, याचे निम्मे उत्तर इथे आहे.

आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे एक ज्येष्ठ सहकारी यावर माझ्याशी वर्षानुवर्षे स्टाफरूममध्ये वाद घालत आले. भागाकार केला तर एकत्र काम कोण करील, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यांना मी तोंडी जे उत्तर दिले तेच इथे लिहिते. चौघांनी मिळून केलेल्या कामाला ६० सायटेशन मिळाली आणि त्यांतल्या प्रत्येकाला एकट्याने १० मिळाली असती, तर १५ वाट्याला येऊनही प्रत्येकाचा फायदाच झाला. एकत्र येण्याने कामाला खरोखर बळ आले असेल, तर भागाकारानंतरही ते दिसते. जिथे दिसत नाही, तिथे एकत्र काम झाले होते की नुसती नावे एकत्र आली होती, हे विचारण्याचा हक्क छाननी समितीला असायला हवा. त्यांचे बहुतेक निबंध बारा-बारा लेखकांचे होते, आणि या मुद्द्यावर ते दर वेळी विषय बदलत.

एच-इंडेक्सने हा घोळ वाढवला. ज्यांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत असे २० निबंध असतील, तर एच-इंडेक्स २०, असा हा निर्देशांक. एकीने दहा-दहा लेखकांचे २० निबंध लिहिले आणि प्रत्येकाला ३० सायटेशन मिळाली, तर तिचा एच-इंडेक्स २० आणि सायटेशन ६००. दुसरीने एकटीने सहा निबंध लिहिले आणि प्रत्येकाला २० मिळाली, तर तिचा एच-इंडेक्स सहा आणि सायटेशन १२०. भागून पाहा: पहिलीच्या वाट्याला ६० आणि दुसरीच्या वाट्याला १२०. २००५ साली हा निर्देशांक मांडताना खुद्द होर्हे हिर्श यांनी लिहिले होते की व्यक्तींची तुलना करताना सहलेखकांच्या सरासरी संख्येचा विचार करणे उपयोगी ठरेल. ते वाक्य कोणी वाचत नाही. मायकेल श्रायबर यांनी २००८ साली निबंधच अपूर्णांकात मोजून या निर्देशांकाचे सुधारित रूप दिले, आणि ज्या "जगातील दोन टक्के शास्त्रज्ञां"च्या यादीत नाव आले म्हणून आपल्याकडे महाविद्यालयाच्या फाटकावर फ्लेक्स लागतात, त्या यादीच्या सहा निकषांपैकी एक हाच आहे. म्हणजे सहलेखकांप्रमाणे वाटणी केलेला आकडा फ्लेक्सवर चालतो, पदोन्नतीच्या फाइलमध्ये मात्र त्याला जागा नाही.

समान वाटणी अन्यायाची वाटणारे लोक क्रमाप्रमाणे वाटणी सुचवतात. हार्मोनिक पद्धतीने, म्हणजे पहिल्याच्या निम्मे दुसऱ्याला, एकतृतीयांश तिसऱ्याला आणि पाव चौथ्याला या प्रमाणात, तुमची ६० सायटेशन पहिल्याला २८.८, दुसऱ्याला १४.४, तिसऱ्याला ९.६ आणि चौथ्याला ७.२ अशी विभागली जातील. बेरीज ६० च राहते, हे तिचे मोठेपण. पण नावांचा क्रम कामावरून ठरलेला असेल तरच तिला अर्थ आहे. जिथे क्रम आडनावावरून ठरतो, तिथे ती आडनाव मोजते. लिरान आयनाव आणि लीट यारीव यांनी २००६ साली दाखवले की अमेरिकेतल्या अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत ज्यांचे आडनाव वर्णमालेत आधी येते त्यांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि जिथे वर्णानुक्रम पाळत नाहीत त्या मानसशास्त्रात तसे काही आढळले नाही. माझ्या मुलाखतीला जाण्यापूर्वी हा निबंध मला माहीत असता, तर तोही छापून नेला असता.

आता काही गोष्टी मान्य करते. २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याचे लेखक ५१५४ होते आणि ३३ पानांपैकी २४ पाने नावांनी व संस्थांनी भरली होती. तिथे भागाकार करून कोणाच्या हाती काही लागत नाही, आणि अशा कामाचे श्रेय देण्याची रीत वेगळीच असावी लागेल. समान वाटणीतही ज्याने रात्री जागून काम केले आणि ज्याने एकदा मसुदा वाचला, त्या दोघांना सारखेच मिळते. आणि शोधविद्यार्थ्याच्या पहिल्या निबंधाला भागाकार लावून त्याला खचवू नये, हे त्या रसायनशास्त्राच्या सरांचे म्हणणे मला आज पटते, जरी त्यांना मी तसे कधी म्हटले नाही.

तुमच्या अर्जापुरते सांगायचे तर एकूण सायटेशन ६०, लेखक ४, समान वाटणीने १५, असे तिन्ही आकडे एका ओळीत लिहा. रकान्यात फक्त ६० मागितले असतील तर तिथे ६० लिहा, कारण इतर सगळे उमेदवार तेच लिहितील आणि एकट्या तुमच्याच प्रामाणिकपणामुळे तुमचे गुण कापले जाऊ नयेत. बाकीचे दोन आकडे खाली टिपेत द्या. आणि कोणी काय केले, नावांचा क्रम कशावरून ठरला, याचे पत्र चौघांच्या सह्यांनी, संस्थेच्या लेटरहेडवर, आजच करून घ्या. मुलाखतीच्या आदल्या रात्री बी सरांनी मला दहा मिनिटांत ई-मेल पाठवला होता, "हा निकाल तिघांचा आहे, सिद्धता मॅडमची आहे, क्रम केवळ वर्णानुक्रमाचा आहे". त्यावर सही नाही, म्हणून समितीने तो फाइलला जोडून घेतला नाही.