कोंबाट म्हणजे कोंबड्याचा नाच नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की कूर्गच्या ट्रिपमध्ये कोडव लोकांचा 'कोंबाट' बघितला, बरोबरच्या टूरवाल्याने "कोंबड्याचा नाच, निसर्गपूजा वगैरे" असं सांगितलं, ते खरं का, आणि या नाचाचा निसर्गाशी नेमका संबंध काय.

कोंबड्याचं पहिल्यांदा निकालात काढू, कारण हे मी सारखं ऐकतोय आणि आता डोकं फिरायला लागलंय. कोडव भाषेत कोंबड्याला 'कोळी' म्हणतात, मग नाच कोळियाट झाला असता ना? समोर माणसं हातात हरणाची शिंगं धरून नाचतायत आणि तुम्ही कोंबडा कुठे दिसतो ते शोधताय! 'कोंबु' म्हणजे शिंग आणि 'आट' म्हणजे खेळ, नाच, झालं. तसाच पीलियाट, पीली म्हणजे मोरपीस. नाचाला साथ देतात त्यातलं ते वाकडं फुंकवाद्यसुद्धा कोंबुच, आपण नाही का वाजवायच्या शिंगाला शिंगच म्हणत.

आता खरी गंमत. दक्षिणेत हा शब्द नुसता शिंगाचा नाही, फांदीचाही आहे. तमिळमध्ये दोन्हीला कोंबुच, कन्नडात शिंग ते कोंबु आणि फांदी ती कोंबे, सोलापूरकडच्या कन्नड बोलणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे अंगातून फुटून बाहेर येतं ते कोंबु, मग अंग झाडाचं असो नाहीतर जनावराचं. आणि आपल्याकडे मोडाला, अंकुराला काय म्हणतात? कोंब! मला विचाराल तर हा आपला कोंब तिकडचाच. संस्कृतातून सगळं काढणारी मंडळी लगेच कुड्मल म्हणजे कळी, मग प्राकृत कुंपल, मग कोंब अशी शिडी लावतात. हिंदीतला कोंपल त्या शिडीवरून आला हे कबूल, त्यात ल जागेवर आहे. पण मराठी कोंबातला ल कुणी खाल्ला? याचं उत्तर द्यायचं सोडून "लोप पावला" म्हणून मोकळे होतात. सोयीचं अक्षर लोपवून कुठलाही शब्द कुठूनही काढता येतो हो.

त्यातून चितळाचं, म्हणजे ठिपक्यांच्या हरणाचं, शिंग बघा. ते दरवर्षी गळतं आणि त्याच जागी नवीन फुटतं, आधी मऊ, लव असलेल्या कातडीत गुंडाळलेलं, आत रक्त खेळतंय, मग वाढता वाढता त्याला फाटे येतात आणि शेवटी ती कातडी झाडावर घासून टाकली की कडक शिंग उरतं. आता याला कोंब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं!

अजून एक खटकतं. कोंबाटातली शिंगं कोडव दंतकथेतल्या एका हरणाची मानतात, ते हरीण 'कृष्णमृग' असं लिहितात आणि पुढच्याच ओळीत 'ठिपक्यांचं हरीण' लिहितात. अहो कृष्णमृग म्हणजे काळवीट, त्याच्या अंगावर ठिपके नसतात, शिंगं पिळदार, फाटे नाहीत आणि ती गळतही नाहीत, शिवाय ते उघड्या माळावरचं जनावर, कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, दाट पावसाळी जंगलात ते काय करणार? चितळ मात्र त्याच भागातल्या नागरहोळेच्या जंगलात कळपाने दिसतात. कथेत नाव काहीही असू दे, लिहिणाऱ्याने एकदा शिंग तरी बघावं.

हां, निसर्गाचं राहिलंच. आहे ना संबंध, भरपूर आहे. हरणाचं शिंग, मोराचं पीस, पुत्तरीला म्हणजे नवीन भाताच्या सणाला मंदावर, म्हणजे गावच्या राखीव मैदानात, होणारा काठ्यांचा कोलाट, आणि बायकांच्या उम्मत्ताटात मधोमध पाण्याचं भांडं घेऊन उभी असते ती कावेरी. पण कोंबाट नुसता हरणाचा नाच नाही, त्यात लढाईचे डावही आहेत, ते "निसर्गपूजा" म्हटलं की गायब होतात.

आणि कृपा करून 'कोंबाट नृत्य' लिहू नका, आट म्हणजेच नाच. 'मोहिनीअट्टम' पण नको, तिथे मोहिनी अधिक आट्टम आहे, आ दीर्घ, म्हणून मोहिनीयाट्टम.