वाचकांचे प्रश्न : ज्ञानकोशातील लेख पैसे घेऊन लिहिला असल्याचा संशय आल्यास

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून मराठी विकिपीडियावर फावल्या वेळात संपादन करतो. एका नव्या सदस्याने जळगावातील एका खासगी शिकवणी संस्थेवर व तिच्या संचालकांवर दोन मोठे लेख लिहिले आणि पाठोपाठ ‘जळगाव’ या लेखात केळी व सोने यांच्या पंगतीला त्या संस्थेचेही नाव बसवले. हे लेखन पैसे घेऊन चालले आहे, अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे. त्याच टोपणनावाचा एक तरुण मला फेसबुकवर सापडला. तो जाहिरातीची कामे करतो. त्याचे नाव व छायाचित्र चावडीवर, म्हणजे तेथील सर्व सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर टाकून सर्वांना सावध करावे काय?

उत्तर : टाकू नये. विकिपीडियावर टोपणनावाने लिहिण्याची मुभा आहे आणि एखाद्या सदस्याने स्वतः न सांगितलेली ओळख तेथे उघड करणे हा छळ समजला जातो. आपला अंदाज अचूक ठरला तरी मजकूर आपलाच काढला जाईल आणि कारवाईही आपल्यावरच होऊ शकेल. शिवाय एकच टोपणनाव दोघांनी घेतलेले असणे अशक्य नाही. तसे असेल तर आपल्या जिल्ह्यातील एका निर्दोष मुलाची नाहक बदनामी होईल.

आता आपल्या खात्रीविषयी. आपण सोबत पाठवलेला संपादनांचा इतिहास मी पाहिला. आरंभी वेलांटी-उकाराच्या आठ-दहा दुरुस्त्या, मग काही दिवस शांतता आणि त्यानंतर एका बैठकीत चढवलेला, मथळे व चौकटीसह तयार असलेला पूर्ण लेख, हा क्रम संशयास्पद आहे खरा. संचालकांचे छायाचित्र स्टुडिओतील आहे, पण चढवणाऱ्याने ते ‘स्वतःचे काम’ म्हणून नोंदवले आहे. म्हणजे त्याचा संस्थेशी काही संपर्क असावा, एवढे अनुमान निघते. मात्र संपर्क म्हणजे मोबदला नव्हे. कृतज्ञ माजी विद्यार्थी, पुतण्या किंवा भाऊबंद हेही असेच भारावून लिहितात. तो हितसंबंध ठरतो आणि तोही सांगितलेला बरा, पण त्याला पैसे घेऊन केलेले लेखन म्हणता येत नाही.

मला त्या लेखांतील संदर्भ अधिक बोलके वाटले. सातपैकी पाच संदर्भ वर्तमानपत्रांच्या वाढदिवस विशेष पुरवण्यांचे आहेत. आपल्याकडे अशा पुरवण्या कशा निघतात, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको : पानभर शुभेच्छांची जाहिरात आणि तिला लागूनच ‘अल्पावधीत शिक्षण क्षेत्रात आपल्या कर्तृत्वाचा ठसा उमटवणारे व्यक्तिमत्त्व’ अशा थाटाचा, बहुधा संस्थेकडूनच आलेला मजकूर. छापून आले म्हणून ते स्वतंत्र साधन होत नाही. लेखाचा विषय ज्ञानकोशात राहण्याजोगा आहे की नाही, हे त्या विषयाशी लागेबांधे नसलेल्या कोणी त्याची सविस्तर दखल घेतली आहे का, यावर ठरते. त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवूनही लेखाच्या चर्चा पानावर या पाच संदर्भांची एकेक करून चिकित्सा आपल्याला करता येईल, विशेषणे गाळता येतील, स्वतंत्र साधने मिळालीच नाहीत तर लेख काढण्याचा प्रस्तावही मांडता येईल. ‘जळगाव’ लेखातील ते नाव तर आजच काढावे व संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना जोडायच्या छोट्या टिपेत, कारण लिहावे. ते परत घातले गेल्यास मात्र काढ-घाल करत बसू नये, चर्चा पानावर जावे. छायाचित्राच्या हक्काचा प्रश्न कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची छायाचित्रे जेथे ठेवली जातात त्या सामायिक भांडारावर, वेगळा उपस्थित करावा, कारण मूळ छायाचित्रकाराची परवानगी नसेल तर ते तेथे राहू शकत नाही.

मोबदल्याबद्दल त्या सदस्यालाच विचारावे. त्याच्या चर्चा पानावर, आरोपाचा सूर न लावता, एवढेच लिहिले तरी चालेल : ‘नमस्कार. आपण या संस्थेसाठी काम करता काय, अथवा या लेखनाबद्दल आपल्याला काही मोबदला मिळतो काय? तसे असल्यास वापराच्या अटींनुसार ते जाहीर करणे आवश्यक आहे. कसे करायचे ते सांगण्यास मला आनंदच वाटेल.’ ही अट २०१४पासून लागू आहे. काम देणारा, ज्याच्यासाठी काम केले तो ग्राहक आणि आपला संबंध या गोष्टी सदस्य पानावर, लेखाच्या चर्चा पानावर किंवा संपादन सारांशात, कोठेही एका ठिकाणी सांगाव्या लागतात. पुष्कळ तरुणांना हा नियम ठाऊकच नसतो. मालक सांगतो, ‘आपलं पान बनव’, आणि तो बनवतो. त्याने जाहीर केले तर यापुढचे बदल थेट लेखात न करता चर्चा पानावर सुचवण्यास सांगावे. जाहीर केले म्हणून स्तुतीचा मजकूर ठेवण्याचा परवाना मिळत नाही.

उत्तर न देता तसेच लेखन सुरू राहिले, तर प्रचालकांकडे, म्हणजे लेख काढण्याचे व खाती बंद करण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांकडे जावे. तेव्हा माणसाविषयी काही न लिहिता केवळ संपादनांचे दुवे, तारखा आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचा दुवा द्यावा. अनेक खाती एकच व्यक्ती चालवत असल्याचा संशय असेल, तर त्यासाठी तांत्रिक तपासणीची सोय आहे. ज्या विकिपीडियावर तपासनीस नाहीत, त्यांच्यासाठी ते काम स्टुअर्ड, म्हणजे सर्व भाषांतील विकिपीडियांवर विशेष अधिकार असलेले सदस्य, करतात. त्यासाठी लागणारी माहिती फक्त ९० दिवस साठवलेली असते, म्हणून ही विनंती मात्र लांबणीवर टाकू नये.

प्रश्न : माझे भुसावळला शेती अवजारांचे दुकान आहे. माझ्यावर कोणीतरी लिहिलेला लेख विकिपीडियावरून काढला गेला. त्यानंतर एकाने फोन करून, ‘मी तिथला प्रचालक आहे, पैसे भरा, लेख परत आणतो आणि पुढेही सांभाळतो,’ असे सांगितले. पैसे द्यावेत का?

उत्तर : देऊ नयेत. लेख ठेवण्यासाठी किंवा परत आणण्यासाठी पैसे घेण्याचा अधिकार कोणत्याही प्रचालकाला नाही. ही युक्तीही जुनीच आहे. इंग्रजी विकिपीडियावर २०१५ साली अशाच एका टोळीची ३८१ खाती बंद करण्यात आली आणि तिने तयार केलेले २१० लेख काढण्यात आले. नाकारलेले मसुदे हेरून ती टोळी संबंधितांना गाठत असे, लेख प्रसिद्ध करण्याचे पैसे घेई आणि पुढे तो सांभाळण्याचेही मागे. काढलेल्या लेखांची नोंद सर्वांना दिसते, त्यामुळे आपला नंबर शोधणे त्या माणसाला अवघड गेले नसावे. त्याला सदस्यनाव विचारावे आणि प्रचालकांच्या जाहीर यादीत ते आहे का ते पाहावे. नाव तेथे असो वा नसो, फोनची वेळ व संदेश जपून ठेवून प्रचालकांना ईमेलने कळवावे. पैसे आधीच भरले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.